रोजच्या गाडीचा कॅम: आकडा मोठा नको, पूर्ण हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनांविषयीच्या मजकुरात आणि जाहिरातींत ‘परफॉर्मन्स कॅम’चा (कॅम म्हणजे हवा आत घेणारे इनटेक आणि जळका वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणारा, लोब नावाच्या फुगवट्यांचा दांडा) उल्लेख येतो तेव्हा त्याच्यासोबत बहुधा एकच आकडा असतो: अश्वशक्ती अमुक इतकी वाढली. ती कोणत्या आरपीएमला वाढली, त्यापायी खालच्या आरपीएमचा किती टॉर्क गेला, आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन हळू फिरते तेव्हा) मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम किती उरला, व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंग कोणत्या घातल्या, यांपैकी काहीही सांगितलेले नसते. ज्या गाडीने रोज कामावर जायचे, सिग्नलला थांबायचे, गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये सरकायचे, त्या गाडीचा मालक या अर्धवट आकड्यावर विसंबून खर्च करतो आणि पूर्वीपेक्षा आळशी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी घेऊन बसतो. आम्ही इंजिने उघडण्या-बांधण्याचे काम करणारे लोक आहोत. आमचे म्हणणे असे की रोजच्या गाडीसाठी कॅम निवडताना सुरुवात कॅमपासून करूच नये. गाडी कोणत्या आरपीएमला चालते तिथून सुरुवात करावी. कॅमसोबत लागणारे सुटे भाग आणि ट्यूनिंग यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात बसेल तो कॅम घ्यावा. दोन कॅममध्ये अडकायला झाले तर लहान घ्यावा.

आरपीएम काढायला कागद-पेन्सिल पुरते. टायरचा घेर १.९ मीटर, टॉप गिअरचे प्रमाण ०.८ आणि फायनल ड्राइव्ह ४.१ असेल तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन साधारण २,९०० आरपीएमने फिरते. त्याच गाडीत १.३ प्रमाणाच्या तिसऱ्या गिअरला ताशी ६० किलोमीटरला सुमारे २,८००. म्हणजे या गाडीचे जवळजवळ सगळे आयुष्य १,५०० ते ३,५०० आरपीएमच्या पट्ट्यात जाते. कॅटलॉगमध्ये ‘३,००० ते ७,०००’ असे लिहिलेला कॅम तिच्यात घातला, तर चालवणारा जिथे थांबतो तिथे त्या कॅमचे काम सुरू होते. आपल्या गाडीचे तीन आकडे घालून हे गणित प्रत्येकाने करावे आणि मगच कॅटलॉग उघडावा.

आता ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते माप. इथे सर्वांत जास्त दिशाभूल होते, कारण जाहिरातीतले ड्युरेशन कोणत्या लिफ्टपासून, म्हणजे लोबने किती उचलल्यापासून, मोजले हे उत्पादकागणिक बदलते. टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे ढकलणारा भाग) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारा, असेल तर कोणी ०.१५ मिमीपासून मोजतो, सॉलिड टॅपेटसाठी कोणी ०.५० मिमीपासून. त्यामुळे २८० अंशांचा कॅम २६८ अंशांच्या कॅमपेक्षा मोठा असेलच असे नाही. तुलना करायची ती १.२७ मिमी टॅपेट लिफ्टच्या ड्युरेशनवर. काही उत्पादक १ मिमीचा आकडा देतात, तोही चालतो, फक्त दोन्ही कॅमचा एकाच मापाचा घ्यायचा. समजा दोन्ही कॅम जाहिरातीत २७० अंशांचे आहेत, पण १.२७ मिमीला एक २१४ अंशांचा आहे आणि दुसरा २२२ अंशांचा. दुसऱ्याचा लोब व्हॉल्व्ह झपाट्याने उघडतो आणि झपाट्याने बंद करतो. सीटवरचा वेळ तेवढाच राहून हवा जास्त मिळते, ही चांगली गोष्ट; पण स्प्रिंगला काम जास्त पडते आणि टॅपेटचा आवाजही वाढतो.

आमच्या मते रोजच्या गाडीत १.२७ मिमीचे ड्युरेशन मूळ कॅमपेक्षा ८ ते १२ अंशांहून जास्त वाढवू नये. सिलिंडरची क्षमता जितकी लहान तितका तोच कॅम जास्त ‘मोठा’ वागतो. दोन लिटरच्या इंजिनात जो शांत चालतो तो तेवढ्याच सिलिंडरच्या १.२ लिटरमध्ये आयडलिंगला झटके देईल. म्हणून दुसऱ्याच्या गाडीत काय बसवले यावरून आपला कॅम ठरवू नये.

ड्युरेशन वाढले की खालचा टॉर्क का जातो, याचे मुख्य कारण इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याच्या वेळेत आहे. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे ती त्या वेळातही भरत राहते. खालच्या आरपीएमला तो वेग नसतो आणि पिस्टन तीच हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. खरे दाबणे सुरू होते ते व्हॉल्व्ह बंद झाल्यावर. ८० मिमी स्ट्रोक, १४० मिमी कनेक्टिंग रॉड आणि ९.५ कॉम्प्रेशन रेशोचे इंजिन घ्या. इनटेक तळानंतर ५० अंशांवर बंद होत असेल तर डायनॅमिक कॉम्प्रेशन (व्हॉल्व्ह बंद झाल्यापासूनचे खरे दाबण्याचे प्रमाण) ८.३ येते. ६१ अंशांवर ७.८, आणि ७५ अंशांवर ६.९. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीसाठी ७.५ ते ८.५ हा पट्टा सोयीचा समजला जातो. ७५ अंशांवर बंद होणारा कॅम घालायचाच असेल तर हेड घासून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढवावे लागेल, नाहीतर गाडी चढावर गिअर मागत राहील. याच्या उलटही घडते. आधीच उंच कॉम्प्रेशनच्या इंजिनात फार लहान कॅम घातला किंवा कॅम जास्त ॲडव्हान्स केला (व्हॉल्व्ह लवकर उघडतील-मिटतील असा बसवला) तर डायनॅमिक कॉम्प्रेशन चढते आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होते. कॅम विकत घेण्यापूर्वी हे एक गणित केले तरी निम्म्या चुका टळतील.

ओव्हरलॅप म्हणजे एक्झॉस्ट अजून पूर्ण बंद नाही आणि इनटेक उघडला आहे असा काळ. तो ठरतो ड्युरेशन आणि लोब सेपरेशन या दोहोंवर. लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शेंड्यांमधला कोन, तो कॅमच्या अंशांत मोजतात. दोन्ही ड्युरेशन २७० असतील आणि सेपरेशन ११० असेल तर ओव्हरलॅप ५० अंश. सेपरेशन १०६ केले तर ५८, ११४ केले तर ४२. सूत्र सोपे आहे: दोन्ही ड्युरेशनची बेरीज भागिले चार, त्यातून सेपरेशन वजा, आलेल्याची दुप्पट. सेपरेशन कमी केले की मधल्या पट्ट्यातला टॉर्क उठून येतो, पण आयडलिंग खडबडीत होते, व्हॅक्यूम पडतो, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते. पेट्रोल इंजेक्शनची, पॉवर ब्रेकची, एसी असलेली गाडी असेल तर ११० च्या खाली जाऊ नये, ११२ ते ११४ असल्यास उत्तम. टर्बोच्या गाडीत तर रुंद सेपरेशनच बरे, कारण एक्झॉस्टमधला दाब इनटेकपेक्षा जास्त असला की ओव्हरलॅपमध्ये जळका वायू उलटा आत शिरतो.

व्हॅक्यूमचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, म्हणून त्यावर थोडे जास्त. चांगल्या अवस्थेतले मूळ इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला साधारण ४५० ते ५०० मिमी पारा व्हॅक्यूम दाखवते. उंचावरच्या प्रदेशात त्याहून कमी. पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर बहुतेक वेळा याच व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम ३५० मिमीच्या आसपास आला की लागोपाठ दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल कडक व्हायला लागते. व्हॅक्यूमची टाकी लावली की प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. टाकी एक-दोन दाबांपुरता साठा देते, व्हॅक्यूम निर्माण करत नाही. तो खरोखर कमी असेल तर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप लावावा, आणि त्याच्या पाइपात एकदिशा व्हॉल्व्ह हवाच. कॅम बदलण्यापूर्वी गेज लावून मूळ आकडा लिहून ठेवावा, बदलल्यावर पुन्हा मोजावा. ब्रेकची खात्री होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

लिफ्टविषयी मात्र आम्ही तितके कंजूष नाही. ड्युरेशन फारसे न वाढवता थोडी लिफ्ट वाढवली तर खालचा टॉर्क टिकून वरची ताकद मिळते. मर्यादा भूमितीच सांगते: लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या चौथ्या भागाइतकी झाली की व्हॉल्व्हभोवतीची वाट व्हॉल्व्हच्या तोंडाइतकी होते. ३६ मिमीच्या व्हॉल्व्हला ९ मिमी. त्यापुढे पोर्ट आणि सीटचा आकार आड येतो, आणि हेडवर काम केलेले नसेल तर जास्तीची लिफ्ट मुख्यतः स्प्रिंग आणि गाइडची झीज वाढवते. रॉकर (लोबची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारी तरफ) असेल तर कॅमची लिफ्ट रॉकरच्या प्रमाणाने गुणायची: लोबची ६.६ मिमी, रॉकर १.५, तर व्हॉल्व्हला ९.९ मिमी. सॉलिड टॅपेटमध्ये यातून क्लिअरन्स (व्हॉल्व्ह बंद असताना ठेवलेली फट) वजा होतो.

स्प्रिंगकडे दुर्लक्ष करून कॅम घालणे हा आमच्या अनुभवात सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे. स्प्रिंग बदलताना तीन मापे लागतात: बसवलेली उंची, त्या उंचीवरचा सीटचा दाब, आणि सगळे वेटोळे एकमेकांना टेकतात ती उंची. बसवलेली उंची ४० मिमी आणि वेटोळे टेकायची उंची २७.५ मिमी असेल तर हाताशी १२.५ मिमी आहेत. १०.५ मिमी लिफ्टला २ मिमी शिल्लक राहते, ते ठीक. ११.५ मिमीला फक्त १ मिमी राहते आणि ते पुरेसे नाही, निदान १.५ मिमी शिल्लक हवी. वेटोळी टेकली की काहीतरी वाकते किंवा तुटते: पुशरॉड, रॉकर, नाहीतर लोबचा शेंडा. तशीच १.५ मिमी जागा रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ आणि व्हॉल्व्ह सीलचा माथा यांच्यात हवी. ती नसेल तर रिटेनर सील चेपतो, आणि काही दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर दिसू लागतो. मग पिस्टन रिंगला दोष दिला जातो.

सीटचा दाब वाढवण्यासाठी स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालतात. स्प्रिंगचा दर ३ किलो प्रति मिमी असेल तर १ मिमी शिमने सीटचा दाब ३ किलोने वाढतो, पण वेटोळे टेकायची शिल्लक १ मिमीने घटते. म्हणजे जुन्या, दमलेल्या स्प्रिंगला शिम घालून नव्या कॅमखाली ढकलणे दुहेरी चुकीचे. उलट टोकही टाळावे. रोजच्या गाडीत रेसिंगच्या कडक स्प्रिंग घातल्या की लोब आणि टॅपेट लवकर झिजतात, टायमिंग बेल्टवर ताण येतो, आणि मिळत काहीच नाही, कारण इंजिन ६,५०० च्या वर जातच नाही. कॅम उत्पादकाने त्या कॅमसाठी सांगितलेलाच संच घ्यावा: स्प्रिंग, रिटेनर, कॉटर (रिटेनर व्हॉल्व्हला अडकवणारे तुकडे) आणि सील. स्प्रिंग कमी पडते आहे हे ओळखायची खूण अशी की ठरावीक आरपीएमला ताकद एकदम तुटते, इंजिन फडफडल्यासारखे मिसिंग करते, आणि खाली आले की पुन्हा सुरळीत चालते. तेव्हा व्हॉल्व्ह लोबमागे जायचे सोडून हवेत तरंगत असतो. तरीही दामटत राहिले तर तो पिस्टनला भेटतो.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर मोजल्याशिवाय कोणताही मोठा कॅम बसवू नये. विक्रेता ‘थेट बसतो’ म्हणाला तरीही. हेड एकदा घासलेले असू शकते, गॅस्केट पातळ असू शकते. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला किमान २.५ मिमी अंतर हवे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांब होतो म्हणून त्याला जास्त. मोजायची सोपी रीत: पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी मऊ चिकणमातीचा थर, त्यावर थोडे तेल, जुने पण पूर्ण दाबले जाणारे गॅस्केट, हेड ठरलेल्या टॉर्कने आवळायचे, टायमिंग लावायचे, आणि हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठे अडकल्यासारखे वाटले तर जोर करू नये. हेड उतरवून माती कापून सर्वांत पातळ जागा मोजायची. अधिक नेमकी रीत म्हणजे तपासणीसाठीच्या हलक्या स्प्रिंग घालून डायल गेजने मोजणे: टॉप डेड सेंटरच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) आधी २० अंशांपासून नंतर २० अंशांपर्यंत दर दोन अंशांनी व्हॉल्व्ह हाताने पिस्टनपर्यंत दाबून पाहायचा. एक्झॉस्ट सर्वांत जवळ येतो तो साधारण टॉपच्या १० अंश आधी, इनटेक साधारण १० अंश नंतर. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर या मोजमापापुरता सॉलिड टॅपेट घालावा, कारण तेल न भरलेला हायड्रॉलिक दबतो आणि खोटे अंतर दाखवतो.

जुनाच कॅम घासून देणारे अनेक आहेत. रीग्राइंड वाईट नसते, पण त्यात काय होते ते समजून घ्यावे. लिफ्ट वाढवण्यासाठी लोबच्या मागचे गोल अंग लहान करतात. ते ०.८ मिमीने घटले तर बकेट टॅपेटच्या इंजिनात क्लिअरन्स तेवढाच वाढतो आणि तितकी जाड शिम लागते. पुशरॉडच्या इंजिनात पुशरॉडची लांबी पुन्हा काढावी लागते. कॅमच्या पृष्ठभागाचा कडक थर किती खोल होता आणि घासून झाल्यावर कडकपणा पुन्हा दिला का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मऊ लोब वरून चकचकीत दिसतो आणि लवकरच गोल होतो.

सपाट टॅपेटचा कॅम असेल तर नव्या कॅमसोबत टॅपेटही नवेच हवेत. टॅपेटचे तोंड किंचित फुगीर असते आणि लोबला किंचित उतार असतो; त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज एका जागी पडत नाही. जुन्या टॅपेटचे तोंड जुन्या लोबशी जुळून सपाट झालेले असते. तो फिरत नाही, आणि नवा लोब बघता बघता खाऊन टाकतो. तेलाचेही तसेच. सपाट टॅपेटला जस्त-फॉस्फरसयुक्त झीजरोधक घटक लागतो. आधुनिक हलक्या श्रेणीच्या तेलांत उत्प्रेरक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत ८०० भाग) मर्यादित केलेला असतो. सपाट टॅपेटच्या इंजिनात जस्ताचे प्रमाण १,००० ते १,२०० पीपीएम किंवा थोडे जास्त असलेले तेल वापरावे. रोलर टॅपेटला ही अडचण नाही. पोलादी रोलर कॅमवरून डिस्ट्रिब्युटर चालत असेल तर मात्र त्याचा गिअर त्या पोलादाशी जुळणाऱ्या धातूचा लागतो, नाहीतर दाते झिजून इग्निशन टायमिंग भरकटते.

बसवताना टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप नवे घालावेत. चेन असेल तर चेन, गाइड आणि टेन्शनर. कॅमचे बेअरिंग कॅप क्रमाने आणि थोडे थोडे सैल करावेत, तसेच आवळावेत. एका बाजूने सोडले तर स्प्रिंगच्या ताणाने कॅम मोडतो, कॅप फुटते.

खुणा जुळल्या म्हणजे कॅम बरोबर बसला असे समजू नये. डिग्री व्हील (क्रँकवर बसवायची अंशांची चकती) लावून तपासावे. आधी खरे टॉप डेड सेंटर काढायचे: स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घालून क्रँक दोन्ही दिशांनी हलक्या हाताने अडेपर्यंत फिरवायचा आणि दोन वाचनांचा मध्य घ्यायचा. पिस्टन टॉपजवळ काही अंश जवळजवळ स्थिर असतो, म्हणून नुसत्या नजरेने किंवा एका डायल वाचनाने टॉप सापडत नाही. मग डायल गेज पहिल्या सिलिंडरच्या इनटेक टॅपेटवर ठेवून सर्वोच्च लिफ्टला शून्य करायचा. त्याच्या आधी १.२७ मिमी खाली आणि नंतर १.२७ मिमी खाली व्हीलवरचे दोन आकडे घ्यायचे. ८० आणि १३२ आले तर मध्य १०६, आणि कॅम कार्डवर (कॅमसोबत येणाऱ्या मापांच्या कागदावर) इनटेक सेंटरलाइन, म्हणजे इनटेक लोबच्या शेंड्याची जागा, १०६ असेल तर काम झाले. ही दोन वाचने घेताना क्रँक नेहमी चालण्याच्याच दिशेने फिरवावा. उलटा फिरवला की चेनचा किंवा बेल्टचा सैलपणा आकड्यात येतो. फरक असेल तर ॲडजस्टेबल पुलीने दुरुस्त करावा. कॅम ४ अंश ॲडव्हान्स केल्यास खालचा टॉर्क थोडा वाढतो, पण इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतो, म्हणून अंतर पुन्हा मोजावे. व्हेरिएबल टायमिंगच्या इंजिनात हे आणखी महत्त्वाचे: कॅम फिरण्याच्या पूर्ण पल्ल्यात अंतर राहिले पाहिजे, आणि मोठ्या कॅमला फेझरचा (चालत्या इंजिनात कॅम पुढे-मागे फिरवणाऱ्या भागाचा) पल्ला मर्यादित करावा लागू शकतो.

टॅपेट सेटिंग करताना टॅपेट त्या व्हॉल्व्हच्या लोबच्या मागच्या गोल अंगावर हवा. खात्रीची रीत अशी की एका सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक सेट करायचा, आणि इनटेक उघडून जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट. क्लिअरन्स कार्डवर गरम इंजिनाचा दिला आहे की थंड, ते पाहावे. घट्ट ठेवला तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, उष्णता हेडमध्ये जात नाही, आणि व्हॉल्व्ह जळतो. फार सैल ठेवला तर लोबचा हळू चढणारा उतार वाया जातो आणि व्हॉल्व्ह हातोड्यासारखा आपटतो. हायड्रॉलिकला क्लिअरन्स नसतो. शून्यानंतर साधारण ०.५ ते १ मिमी प्रीलोड (टॅपेट आत दाबून ठेवणे) द्यायचा.

सपाट टॅपेटच्या नव्या कॅमचे भवितव्य पहिल्या अर्ध्या तासात ठरते. लोबवर आणि टॅपेटच्या तोंडावर बसवतानाच लावायची पेस्ट, ऑइल पंप फिरवून आधीच तेलाचा दाब, इग्निशन आणि इंधन पहिल्याच स्टार्टला चालू होईल असे लावलेले, रेडिएटर भरलेला. स्टार्टर बराच वेळ मारत बसले की पेस्ट पुसली जाते. चालू झाल्याबरोबर २,००० ते २,५०० आरपीएमवर न्यावे आणि थोडे वर-खाली करत २० ते ३० मिनिटे ठेवावे. आयडलिंगला सोडू नये, कारण लोबला तेल मिळते ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि हळू फिरताना ते कमी पडते. दुहेरी स्प्रिंग असतील तर एवढ्यापुरती आतली काढून ठेवावी. गळती किंवा तापमान वाढले तर बंद करावे, दुरुस्त करावे आणि उरलेला वेळ पूर्ण करावा. मग तेल आणि फिल्टर बदलावे. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. चमकता चुरा जास्त दिसला तर कोणता तरी लोब जातो आहे.

आता ट्यूनिंग, ज्याचे पैसे हमखास उरत नाहीत. मॅनिफोल्ड दाबावर इंधन मोजणाऱ्या गाडीत आयडलिंगचा व्हॅक्यूम पडला की संगणकाला इंजिनावर भार आहे असे वाटते आणि तो जास्त पेट्रोल देतो. दुसरीकडे ओव्हरलॅपमधून सायलेन्सरकडे गेलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर मिश्रण पातळ समजतो आणि आणखी पेट्रोल मागतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरते, आणि न जळलेले पेट्रोल उत्प्रेरक कन्व्हर्टरला जाळते. म्हणून इंधनाचा नकाशा, आयडलिंगचा आरपीएम आणि इग्निशन तिन्ही पुन्हा लावावे लागतात. ७५० चे आयडलिंग ८५०-९०० वर न्यावे लागणे स्वाभाविक आहे. आयडलिंगचे इग्निशन काही अंश ॲडव्हान्स केल्यास व्हॅक्यूम थोडा परत येतो, मात्र पूर्ण भाराचे एकूण टायमिंग त्याबरोबर वाढवू नये. वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचे प्रमाण नेमके मोजणारा) लावल्याशिवाय हे काम कोणी करतो म्हणाला तर दुसरा माणूस शोधावा. कार्ब्युरेटर असेल तर आयडल जेट आणि पॉवर व्हॉल्व्ह (भार आला की जास्तीचे पेट्रोल देणारा) नव्या व्हॅक्यूमला जुळवावे. पॉवर व्हॉल्व्ह आयडलिंगच्या व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्यावर उघडणारा घ्यावा, नाहीतर तो सिग्नललाच उघडा राहतो.

एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर मोकळे असतील तर कॅमचा फायदा दिसतो, नसतील तर अर्धा गिळला जातो. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा तेलावरचा भाग) मूळचाच ठेवायचा असेल तर कॅमही मूळच्या जवळचाच असावा. गिअरमध्ये टाकताच इंजिन बंद पडणे हे कॅम आणि कन्व्हर्टर न जुळल्याचे लक्षण. आणि हे सर्व करण्याआधी इंजिनाची तपासणी. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा लीक-डाउन (सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेची गळती) वीस टक्क्यांच्या पुढे असेल तर पैसे आधी रिंगवर आणि व्हॉल्व्ह सीटवर खर्च करावेत. नव्या कॅमनंतर स्टार्टरवरचे कॉम्प्रेशन थोडे कमी दिसते, ते इनटेक उशिरा बंद होण्यामुळे. त्याने घाबरू नये, पण सर्व सिलिंडर सारखे हवेत.

उत्सर्जनाचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगचे हायड्रोकार्बन वाढते, आणि तपासणी बहुधा आयडलिंगलाच होते. काही ठिकाणी मूळ कॅम बदलणेच मंजुरीविना बेकायदा ठरते, आणि विमा कंपनीला कळवले नसेल तर दावा अडू शकतो. हे आधी विचारून घ्यावे.

संपादक महोदय, एक विनंती. आपल्या अंकात कॅमविषयी मजकूर किंवा जाहिरात छापताना कमाल अश्वशक्तीसोबत एवढे आकडे मागावेत: १.२७ मिमीला दोन्ही ड्युरेशन, लोब सेपरेशन, इनटेक बंद होण्याचा अंश, व्हॉल्व्हची लिफ्ट, आवश्यक स्प्रिंगचा भाग क्रमांक, गरम आयडलिंगचा व्हॅक्यूम आणि आरपीएम, आणि २,००० आरपीएमला मूळ कॅमचा व नव्या कॅमचा टॉर्क. यांतला बहुतेक तपशील उत्पादकाच्या कॅम कार्डावर छापलेलाच असतो. शेवटचे दोन एका सकाळच्या मोजणीत मिळतात. जो विक्रेता ते द्यायला तयार नसेल त्याचा आकडा छापू नये.

आपले,
इंजिनबांधणीचे काम करणारे काही वाचक